बॉलचा नट सारखा ढिला होतोय? नट बदलण्याआधी भोक मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. केज तालुक्यात मंडप आणि साउंडचा धंदा आहे. बोलेरो पिकअपच्या मागे जनरेटरचा दोन चाकी ट्रेलर ओढतात, सगळं मिळून वजन 900 किलोच्या आसपास. गाडीच्या मागे 8 मिमीची पट्टी लावून तिच्यावर बॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा, बसवलाय. दर आठ-पंधरा दिवसांनी बॉलचा नट ढिला होतो. नट बदलून झाला, वर चेक नट लावून झाला, खाली चार वॉशर टाकून झाले. आता मिस्त्री म्हणतो, "एकदाचा टाका हाणून देतो, जन्मात हलायचा नाही." तर टाका, म्हणजे वेल्डिंग, मारू का?

नका मारू. का नको ते पुढे सांगतो, पण आधी दुखणं कुठं आहे ते बघू. तुम्ही नटाच्या मागे लागलाय आणि माझ्या मते नटाचा यात फारसा दोष नाही.

लातूरला आमचं ट्रॉली-ट्रेलर बांधायचं वर्कशॉप आहे. ऊसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, फवारणीचे ट्रेलर, जनरेटरच्या गाड्या, असलं काम बारमाही चालतं. बॉल ढिला झाला म्हणून येणाऱ्या गाड्यांत तुमच्यासारखीच गोष्ट दिसते: पट्टी पातळ, भोक गॅस कटरने पाडलेलं, आणि खाली वॉशरची चळत.

बॉल जागेवर कशामुळे राहतो हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. नट कसला की शँक, म्हणजे बॉलच्या खालचा आट्यांचा दांडा, केसभर ताणला जातो. तो परत आखडायला बघतो, आणि त्या ओढीने बॉलची खालची सपाट बैठक पट्टीवर दाबून बसते. सगळं काम ही दाबलेली बैठक करते. ट्रेलरचा हिसका आला की तो या दोन सपाट पृष्ठभागांमधल्या घर्षणावर जिरतो, नटापर्यंत पोचतच नाही. बैठक घट्ट असेल तर साधा नटही वर्षानुवर्षं टिकतो. बैठकच सरकत असेल तर दोन काय, तीन नट लावले तरी ते फिरणारच.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत भोकाच्या कडेला लालसर तपकिरी भुकटी दिसतेय. तो नुसता पावसाचा गंज नाही. दोन लोखंडं एकमेकांवर घासली की अशी बारीक पूड निघते. बॉलच्या बैठकीखाली एका बाजूला चंद्रकोरीसारखा चकाकता पट्टाही आहे, म्हणजे बॉल तिथं एका कडेवर टेकतोय आणि दुसऱ्या कडेला अधांतरी आहे. तिथंच सगळं कळतं.

आता 8 मिमीच्या पट्टीचं सांगतो, कारण इथं बरेच जण फसतात. बाजारातले बॉल जाड पट्टीसाठी बनवलेले असतात. शँकला वरपासून खालपर्यंत आटे नसतात, बैठकीच्या लगतचा थोडा भाग कोरा असतो. पट्टी पातळ असली की नट फिरत फिरत आट्यांच्या शेवटाला जाऊन अडतो. हाताला वाटतं चांगला कसला, पाना पुढं सरकत नाही. पण नट अडलाय तो आट्यांच्या तोंडाशी, पट्टीवर दाब आलेलाच नाही. मग कुणीतरी फट भरायला वॉशर टाकतं. प्रत्येक वॉशर म्हणजे आणखी दोन पृष्ठभाग, प्रत्येकावर थोडा रंग, थोडी धूळ. शंभरेक किलोमीटर रस्ता झाला की ते सगळे थोडे थोडे दबतात आणि जो काही ताण होता तो गेला. तुमच्या चार वॉशरचं हेच झालंय असं मला वाटतं.

शिवाय 8 मिमीची पट्टी 900 किलोच्या ट्रेलरखाली लवते. डोळ्यांना दिसत नाही, पण गतिरोधकावर वर-खाली होते, आणि लवली की बैठक उघडते. मी स्वतः 16 मिमीच्या खाली जात नाही, शक्यतो 20 मिमीची प्लेट वापरतो. आयएस 2062 ची साधी प्लेट चालते. घेताना तुमचा बॉल सोबत न्या. प्लेट, स्प्रिंग वॉशर आणि नट लावून आट्यांचे दोन-तीन फेरे नटाच्या खाली बाहेर दिसले पाहिजेत, आणि नट अडण्याआधी प्लेटला भिडला पाहिजे. दोन्ही जमलं तर तो बॉल त्या प्लेटचा.

भोकाचं माप यात सगळ्यात महत्त्वाचं. शँक साधारण तीन मापांत येते: पाऊण इंच म्हणजे 19 मिमी, एक इंच म्हणजे 25.4 मिमी, आणि सव्वा इंच म्हणजे जवळपास 32 मिमी. भोक शँकपेक्षा फार तर दीड मिमीने मोठं असावं. 19 च्या शँकला साडेवीसपर्यंत, एक इंचीला 27 पर्यंत. गॅसने पाडलेलं भोक अंडाकृती होतं, कडेला खडबडीत वितळ राहते आणि त्या वितळीवर बॉल कधीच सपाट बसत नाही. ड्रिल मशिनवर भोक पाडून घ्या, कडा कानशीने मोडा, आणि बैठकीपुरता रंग पूर्ण खरवडून काढा. रंग हा मऊ थर आहे, तो दबतोच. फिटिंग झाल्यावर बाहेरून रंग मारा, हरकत नाही. आधीच एक इंची भोक असेल आणि बॉल पाऊण इंची असेल तर मधे बसवायला पोलादी बुश मिळतं, तेच घ्या. पत्रा गुंडाळून भरणं, मी ज्याला जुगाड म्हणतो, ते नको.

ही प्लेट जोडायची कशाला? बंपरला नाही, चॅसीला. पिकअपची चॅसी शिडीसारखी असते. तिच्या दोन लांब चॅनलच्या उभ्या बाजूला कंपनीची भोकं असतात, ती वापरा. चॅनलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू नका, तिथं वेल्डिंगही करू नका. सगळ्यात जास्त ताण तिथंच असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. बोल्टच्या डोक्यावर 8.8 लिहिलेलं बघून घ्या. काही लिहिलेलं नसेल तर तो बोल्ट मंडपाच्या कमानीला वापरा, इथं नको.

आता कसण्याचं. बॉल बनवणाऱ्यांच्या कागदावर आकडा असतो, तो मिळाला तर तोच पाळा. नसेल तर नेहमीचे आकडे असे आहेत: पाऊण इंची शँकला सुमारे 220 न्यूटन मीटर, एक इंचीला 340, सव्वा इंचीला 610. बरेच जण दीड फुटी पान्याने "अंगाला आलं" तोवर कसतात. तेवढ्याने पाऊण इंचीचं कदाचित जमेल, एक इंचीचं जमणं अवघड आहे.

टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने कसलं ते दाखवणारा पाना, नाही म्हणून अडायचं कारण नाही. कापूस तोलायचा लटकता काटा घरोघरी आहे. पान्याला पाईप घालून तो नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरपर्यंत न्या, टोकाला काट्याचा हूक अडकवा आणि पाईपशी काटकोनात ओढा. पाऊण इंचीला काटा 22 किलो दाखवेपर्यंत, एक इंचीला 35 किलोपर्यंत, सव्वा इंचीला 62 किलोपर्यंत. अर्ध्या मीटरवर ओढलं तर आकडा दुप्पट. ओढताना काटा आडवा राहतो म्हणून आधी शून्यावर आणून घ्या. दोघं जण लागतील: एक जण वर बॉल धरून, एक जण काटा ओढणारा. काटकोन चुकला की आकडा चुकतो, एवढंच भान ठेवा.

फिरवायचा नट, बॉल नाही. बॉलच्या मानेला दोन सपाट खाचा असतात, तिथं पाना लावून बॉल धरायचा. काही बॉलना खाचा नसतात, मग लोक पाईप पाना लावून बॉलची चकाकी सोलून काढतात आणि कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी ट्रेलरच्या दांडीची वाटी, त्याच खरबरीत जागेवर घासत बसतो. असला बॉल घेऊच नका. टायरवाल्याच्या हवेच्या गनने शेवटचं कसणं करू नका, ती किती कसते ते कुणालाच कळत नाही. मोठा सॉकेट मात्र त्याच्याकडून मागून आणा. एक इंची शँकच्या नटाला 38 मिमीचा लागतो.

स्प्रिंग वॉशर एकच, आणि तो नट आणि प्लेट यांच्या मधे, खालच्या बाजूने. कसल्यावर तो पूर्ण चपटा व्हायला पाहिजे. त्याची चीर उघडी दिसत असेल तर कसणं अर्धवट आहे. आट्यांवर ग्रीस किंवा डिझेल लावून कसू नका. वर दिलेले आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. आटे बुळबुळीत असले की तेवढ्याच जोरात शँक जास्त ताणली जाते. आटे पक्के करायचा निळा द्रव वापरायचा असेल तर वापरा, पण तो बैठकीची जागा घेऊ शकत नाही.

कसून झालं की नट आणि प्लेट दोन्हींवरून एक सरळ रेघ ओढा. घरातली नेलपॉलिश चालते. पहिल्यांदा भरलेला ट्रेलर ओढून 50 किलोमीटर झाले की उतरून रेघ बघा आणि परत काटा लावून कसा. नवीन बैठक थोडी बसतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यानंतर रेघ तुटलेली दिसली नाही तर हात लावू नका. रोज उठून नट पिळणं हाही एक रोग आहे.

आता टाक्याकडे येतो. बॉल हा घडीव पोलादाचा असतो आणि पुष्कळदा त्याला उष्णतेची प्रक्रिया दिलेली असते. त्याला वेल्डिंगची आच लागली की टाक्याच्या शेजारची रेघ कडक आणि ठिसूळ होते. वरून टाका मजबूत दिसतो, तडा शेजारून जातो, आणि तो रंगाखाली दिसत नाही. ढिला नट खडखड करून सांगतो तरी, वेल्ड केलेली मान न सांगता तुटते. शिवाय बॉलवर क्रोमचा मुलामा असतो, त्याचा वेल्डिंगचा धूर विषारी आहे, तेव्हा मिस्त्रीच्या तब्येतीसाठीसुद्धा नको. आणि बॉल झिजला की बदलायचा कसा? 50 मिमीचा बॉल कुठल्याही बाजूने 49 वर आला की काढून टाकावा लागतो. व्हर्निअरने तीन-चार ठिकाणी आडवा-उभा मोजा. कपलर पुढं-मागं जास्त ओढतो म्हणून झीज त्याच दिशेला जास्त असते.

मापावरून आठवलं, तुमचा कपलर कुठल्या मापाचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाजारात 50 मिमी आणि दोन इंच असे दोन्ही बॉल मिळतात. दोन इंच म्हणजे 50.8 मिमी. वरवर सारखेच वाटतात. दोन इंची कपलरमधे 50 चा बॉल टाकला तर ट्रेलर सतत ठोके देतो, आणि ते ठोके थेट तुमच्या नटावर. उलट, 50 च्या कपलरमधे दोन इंची बॉल घातला तर कुलूप पूर्ण बसत नाही. पावणेदोन इंचाच्या थोडा वरचा, 47.6 मिमीचाही बॉल येतो, आणि तो दोन इंची कपलरमधून उडू शकतो. बॉलच्या डोक्यावर माप आणि क्षमता कोरलेली असते, कपलरवरही असते. लेथवर वळवून घेतलेल्या बॉलवर काहीच नसतं. आपल्याकडे टर्नर लोक हाताचे पक्के आहेत, पण मानेच्या गोलाईत जराशी धारदार खाच राहिली तरी तडा तिथूनच जातो. मी लेथचा बॉल रस्त्यावर चालवायला देत नाही.

अजून एक कारण आहे नट ढिला होण्याचं, आणि ते आपल्या भागाला जास्त लागू पडतं. वळण घेताना कपलर बॉलवर फिरतो. बॉल कोरडा असेल आणि त्यात काळ्या मातीचा फुफाटा बसला असेल तर कपलर बॉलला पकडून सोबत फिरवायला बघतो. शेतातल्या मंडपाला पांदणीतून जायचं, वळवायचं, मागं घ्यायचं, प्रत्येक वेळी एक पीळ. एकाच शँकवर उभा असलेला बॉल हा पीळ नटाला देतो. म्हणून बॉल पुसून पातळसं ग्रीस लावा. जाड थापलं तर माती धरतं आणि ग्रीसचा घासायचा कागद होतो. दर दोन-तीन फेऱ्यांनी जुनं पुसून नवं लावा. ओढून नेत नसाल तेव्हा बॉलवर टोपी घाला, जुना टेनिस बॉल कापून लावला तरी चालतो. नवीनच करायचं असेल तर दोन बोल्टचा फ्लँजवाला बॉल बघा. त्यात बोल्ट 90 मिमी अंतरावर असतात, त्यामुळे बॉल फिरायचा प्रश्नच उरत नाही. तुमच्यासारख्या कामाला मी तोच सुचवेन.

इथं एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती मी बसल्या जागी सांगू शकत नाही: जनरेटर ट्रेलरवर कुठं बसवलाय. दांडीच्या टोकाला, म्हणजे बॉलवर, ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग यावा. तुमच्या 900 किलोला 90 च्या आसपास. अर्थात गाडीच्या पुस्तकात बॉलवरच्या भाराची मर्यादा दिली असेल तर ती मोडायची नाही. जनरेटर एक्सलच्या मागे सरकलेला असेल तर दांडी हलकी पडते, ट्रेलर शेपटासारखा डोलतो आणि बॉलला खालून वर हिसके बसतात. मोजायचं सोपं आहे. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा, दांडी कपलरच्या खालून चेन पुलीवर लटकवा आणि मधे तोच कापसाचा काटा. दांडी चालताना असते त्या उंचीला धरून वाचा. डिझेलची टाकी भरलेली आणि केबलचे बंडल जिथं ठेवता तिथं ठेवूनच मोजा. एकूण वजन गावातल्या जिनिंगच्या वजनकाट्यावर करून घ्या, "आसपास" वर भरवसा ठेवू नका. जनरेटरवाले वजन सांगताना डिझेल, फ्रेम आणि छप्पर बहुतेक वेळा विसरतात.

बॉल बसला, ट्रेलर जोडला. आता निघण्याआधीची खात्री अशी: कुलूप खाली पाडा, त्यात क्लिप घाला, मग दांडीचा जॅक फिरवून दांडी वर उचला. गाडीचा मागचा भाग सोबत वर यायला लागला पाहिजे. कपलर एकटाच वर आला तर तो बॉलवर बसलेलाच नव्हता. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि नटाच्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त जीव वाचवतं.

साखळ्या दोन, दांडीच्या खालून एकमेकींना छेद देऊन, आणि त्या बॉलला किंवा बॉलच्या नटाखाली नव्हे तर चॅसीला जोडलेल्या प्लेटला. बॉलच गेला तर बॉलला बांधलेली साखळी काय कामाची? छेद दिल्याने दांडी सुटली तरी साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणल्या जाणार नाहीत एवढी ढील ठेवा, पण रस्त्यावर घासायला नकोत. हूकपेक्षा पिन असलेलं डी शॅकल बरं. साखळी ट्रेलरच्या पूर्ण वजनाला पुरेल अशी, जोर लिहिलेली घ्या.

तुम्ही विचारलं नाही तरी ब्रेकचं बोलतो, कारण तुम्ही मांजरसुंब्याच्या घाटातून जाताय. युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतोच. तुमचा त्याच्यावर आहे. उताराला ट्रेलर गाडीला ढकलतो आणि ते सगळं ढकलणं बॉलमधून जातं. गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलरच्या ढकलण्यानेच लागणारा ब्रेक असलेला एक्सल मिळतो, पुढच्या वर्षी खर्च करायचाच असेल तर तिथं करा. तोवर घाट वरच्या गिअरमधे उतरू नका.

ऊसाच्या ट्रॅक्टरवाल्यांकडे बघून "त्यांचं हूक-पिन तर एवढं ढिलं असतं, काही होत नाही" असं म्हणू नका. हूक-पिनमधे ढील मुद्दाम ठेवलेली असते, शेतातल्या उंच-सखल जागी दांडी वाकडी-तिकडी व्हावी म्हणून, आणि ट्रॅक्टर चालतो तो तुमच्या पिकअपच्या निम्म्या वेगाने. तरीही हंगामात त्यांच्या पिना वाकून आमच्याकडे येतात. बॉलचं गणितच वेगळं, त्यात हलायची मुभा फक्त कपलर आणि बॉल यांच्यामधे आहे, बॉल आणि प्लेट यांच्यामधे नाही.

कागदाचं थोडक्यात: ट्रेलरची वेगळी नोंदणी असते आणि गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होतं. आरटीओत आणि विमावाल्याकडे आधी विचारून घ्या. मागचे दिवे, इंडिकेटर आणि लाल चमकणारी पट्टी ट्रेलरवरही हवी, कारण मंडप उतरवून तुम्ही निघता ते रात्री बारालाच.

तर तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: आधी बॉल काढून शँक, भोक आणि बॉलचा व्यास मोजा. शँकच्या आट्यांवर घासल्याचे किंवा चपटे झाल्याचे डाग असतील, मान जराही वाकली असेल तर तो बॉल भंगारात टाका, आठ-आठ दिवस ढिला चाललेला बॉल मी परत बसवत नाही. मग 20 मिमीची प्लेट, ड्रिलचं भोक, बैठक साफ, एक स्प्रिंग वॉशर, काटा लावून कसणं. तेवढ्यावरही 50 किलोमीटरनंतर रेघ पुन्हा पुन्हा तुटत असेल तर मग दांडीचं वजन आणि कपलरचं माप बघायचं. ती मापं आणि कपलरवर कोरलेला आकडा कळवा, बॉल कुठला घ्यायचा ते सांगतो.